वाचकांचे प्रश्न : भन्तेजींच्या पात्रात काय वाढायचं?

आषाढ पौर्णिमा जवळ आली की माझ्या टपालाचा विषय बदलतो. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात भन्तेजींनी, आपल्या बौद्ध भिक्खूंनी, एका जागी राहायचा काळ, सुरू होणार, विहाराच्या फळ्यावर भोजनदानाची यादी लागणार, कुठल्या दिवशी कुणाचं घर ते ठरणार, आणि त्या यादीबरोबर घराघरांत प्रश्नही उभे राहणार. एकतीस वर्षं शाळेत पाली शिकवली, म्हणून लोक मला नियम विचारतात. नियम मी सांगतेच. पण भोजनदान मी पुस्तकात वाचण्याआधी आजीच्या चुलीपाशी पाहिलं, त्यामुळे उत्तर देताना ती चूल डोळ्यांसमोर येतेच. पत्र पाठवणाऱ्यांची नावं काढली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम जय भीम. आमच्या विहारात यंदा पाच भन्तेजी वर्षावासाला येणार आहेत. रोज एका घराने भोजनदान द्यायचं ठरलंय. गेल्या वर्षी लोकांनी केटरर लावून पनीर, श्रीखंड-पुरी, पुलाव केले, दारात मांडव घातला. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, आमचे हे रिक्षा चालवतात. सासूबाई म्हणतात, पतपेढीतून दहा हजार काढू, पण वस्तीत मान खाली जायला नको. मला वाटतं, घरात होतं तेच द्यावं. पण पिठलं-भाकरी भन्तेजींपुढे ठेवायची लाजही वाटते. काय करू? (मनमाड)

उत्तर : पोरी, कर्ज काढू नकोस.

आपण ज्याला भोजनदान म्हणतो त्याचं पालीतलं जुनं नाव पिण्डपात. पिण्ड म्हणजे घास, आणि पात म्हणजे पडणं. पात्रात पडेल तो घास. भिक्खू सकाळी वस्तीत निघाला की घरं निवडत नाही. एका टोकापासून ओळीने जायचं, मधलं मोडकं घर टाळून पुढच्या माडीकडे वळायचं नाही. याला सपदान चारिका म्हणतात. दारात तो काही मागत नाही, गप्प उभा राहतो. आजारी नसेल तर स्वतःसाठी वरण किंवा भात मागून खायचीही त्याला मनाई आहे. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, तर असाही नियम आहे की, जास्तीचं कालवण मिळावं म्हणून भिक्खूने वाढलेलं कालवण भाताखाली झाकून ठेवू नये. माणसाच्या जिभेची ओढ बुद्धांना किती नेमकी ठाऊक होती! ज्याने स्वतःला असं बांधून घेतलंय, त्याच्यापुढे तुझ्या पिठल्याला लाजायचं कारण काय?

माझी आजी निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातली. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर चार-पाच वर्षांनी आमच्या वस्तीत पहिल्यांदा एक भन्ते आले. आजीकडे बाजरीची भाकरी होती, लसणाची चटणी होती आणि वाटीभर ताक. मी लहान होते, तिच्या लुगड्याला धरून उभी. तिने दोन्ही हातांनी भाकरी पात्रात ठेवली, खाली वाकली, आणि भन्ते पुढे गेल्यावर उंबऱ्यातच बसून रडायला लागली. मला वाटलं, भाकरी संपली म्हणून रडते. मोठी झाल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आम्ही येसकराची, म्हणजे गावकीच्या कामाची, पाळी आली की गावात दारोदार उभं राहून शिळे तुकडे आणायचो. वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. माझ्या हातची ताजी भाकरी कुणी दोन्ही हातांनी धरलेल्या भांड्यात घेतली, ती त्या दिवशी पहिल्यांदा."

1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा, असं सांगितलं. आजीला ते भाषण माहीत नव्हतं. पण घेणारा हात देणारा झाला म्हणजे काय होतं, ते तिला त्या सकाळी कळलं. म्हणून तुझ्या भाकरीची लाज धरू नकोस. ती भाकरी इथवर यायला फार चालली आहे.

सासूबाईंना पटवायचं असेल तर अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातलं एक सुत्त, म्हणजे बुद्धांचं प्रवचन, त्यांना वाचून दाखव. सत्पुरुष कसं दान देतो ते त्यात पाच शब्दांत आहे : श्रद्धेने, आदराने, वेळेवर, हात आखडता न घेता, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न करता. पतपेढीचा हप्ता भरताना तुझ्या लेकरांचं दूध तुटणार असेल तर ती इजाच आहे.

आता कामाचं. पाच भन्तेंना भात, साधं वरण, एक पालेभाजी, पिठलं, ज्वारीची भाकरी, ताक आणि केळी, एवढं भरपूर झालं. आदल्या दिवशी विहारात जाऊन विचारून ये, कुणाला साखरेचा त्रास आहे का, कुणाला तिखट चालत नाही का. आपल्याकडचे बरेच भन्ते वयस्कर आहेत आणि रोज वेगळ्या घरचं तेल-मसाला पोटात जातो. तूप सोडलेला मऊ भात आणि वरण पाहून त्यांना किती बरं वाटतं, हे मी पाहिलंय. साडेदहापर्यंत त्रिसरण-पंचशील घेऊन टाका, अकराला वाढायला सुरुवात करा. आणि भांडी टेबलावर मांडून "घ्या भन्ते" म्हणू नका. पाण्याखेरीज कुठलीही गोष्ट कुणीतरी हाताने दिल्याशिवाय भिक्खूला तोंडात घालता येत नाही. प्रत्येक पदार्थ उचलून, जवळ जाऊन, दे. सासूबाईंना भाकरी वाढू दे. भाकरीवाल्याचा मान मोठा.

प्रश्न : माझे वडील गेले त्याला वर्ष होईल. पहिल्या पुण्यानुमोदनाला आम्ही भन्तेजींना भोजनदान ठेवलं आहे. माझा अठरा वर्षांचा मुलगा म्हणतो, "बाबासाहेबांनी श्राद्ध करू नका, पिंडदान करू नका म्हणून शपथ दिली. तुम्ही भटजींच्या जागी भन्ते बसवले, एवढाच फरक." मला उत्तर देता आलं नाही. (नायगाव, मुंबई)

उत्तर : दादा, मुलाला गप्प करू नका. त्याने बरोबर जागी बोट ठेवलंय.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली सहावी तीच आहे : मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. आणि पिंडदानातला पिंड आणि पिण्डपातातला पिण्ड हा शब्दही एकच. पण तो घास कुठे जातो, ते पाहा. श्राद्धात भाताचा गोळा मेलेल्या माणसासाठी असतो, कावळा शिवला की तो पोचला असं मानायचं. पिण्डपातात घास समोरच्या जिवंत, भुकेल्या माणसाच्या पोटात जातो आणि तिथेच संपतो. तुमचे वडील ते जेवण जेवणार नाहीत. भन्ते जेवतील.

मुलाशी बोलताना एक गोष्ट लपवू नका. पाली ग्रंथांत तिरोकुड्ड सुत्त आहे. गेलेले नातलग भिंतीबाहेर, कोपऱ्याकोपऱ्यावर येऊन उभे राहतात, त्यांच्या नावाने संघाला दान द्यावं आणि "हे आमच्या ज्ञातींचं होवो, ते सुखी होवोत" असं म्हणावं, असं त्यात आहे. श्रीलंकेत, थायलंडमध्ये लोक आजही ते श्रद्धेने म्हणतात, आपल्याही विहारांत म्हटलं जातं. माझं मत विचाराल तर, मी ते माझ्या आईच्या दिवशी म्हणते, आणि म्हणताना मला आई कुठे उपाशी उभी आहे असं वाटत नाही. मला तिचं नाव घेऊन कुणाला तरी वाढायचं असतं. तुमच्या मुलाला ते म्हणायचं नसेल तर त्याने नुसतं वाढावं.

खरा फरक पाटावर कोण बसतं त्यात आहे. श्राद्धाच्या पाटावर बसायचा हक्क जन्माने मिळतो. संघात कोण होतं? उपाली न्हावी होता, आणि तोच पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार ठरला. सुनीत रस्त्यावरचा निर्माल्य झाडणारा होता, लोक त्याच्याकडे नाक मुरडून पाहायचे. आणि घास देणारा कोण, हेही संघाने विचारलं नाही. थेरगाथेत, म्हणजे जुन्या भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, बुद्धांचे शिष्य महाकस्सप यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग आहे. ते नगरात भिक्षेला गेले, तिथे एक कुष्ठरोगी जेवत बसला होता. त्याच्याजवळ ते आदराने उभे राहिले. त्याने आपल्या झडलेल्या हाताने एक घास पात्रात टाकला, आणि टाकताना त्याचं बोट तुटून पात्रातच पडलं. महाकस्सप एका भिंतीच्या आधाराने बसले आणि त्यांनी तो घास खाल्ला. खाताना किंवा खाल्ल्यावर आपल्याला किळस वाटली नाही, एवढंच ते म्हणतात. मी हे वर्गात शिकवायचे तेव्हा दरवर्षी मुलं गप्प होत. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्या नातवंडांना या प्रसंगाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

तरी तुमचा मुलगा एका बाबतीत बरोबर असू शकतो. भन्तेंना सूत्रपठणाची रक्कम ठरवून बोलावलं असेल, पाकीट आधी आणि पठण मग, असं असेल, तर त्याला बोलायचा हक्क आहे आणि त्याच्या बाजूने खुद्द बुद्ध उभे आहेत. मगधात एकनाला नावाच्या गावी कसिभारद्वाज नावाचा मोठा शेतकरी ब्राह्मण होता. पेरणीच्या दिवसांत त्याचे पाचशे नांगर चालले होते. बुद्ध भिक्षेला उभे राहिले तेव्हा तो म्हणाला, "मी नांगरतो, पेरतो, मग खातो. तूही नांगर, पेर, आणि मग खा." बुद्ध म्हणाले, "मीही नांगरतो. श्रद्धा माझं बी आहे, प्रज्ञा माझं जू आणि नांगर." ते ऐकून तो खूश झाला आणि खिरीचं भरलेलं पात्र त्याने पुढे केलं. बुद्धांनी ते घेतलं नाही. गाथा म्हणून मिळालेलं अन्न मी खात नाही, असं ते म्हणाले. धम्माचा मोबदला म्हणून आलेली खीर त्यांनी परत केली. मुलाला हा प्रसंग सांगा, त्याला आवडेल.

आणि जेवणानंतर भन्तेजींना मोकळेपणाने प्रश्न विचारू द्या त्याला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारलंय, की भिक्खू निर्माण करण्यात बुद्धांचा हेतू काय होता, परिपूर्ण माणूस घडवायचा की समाजाचा सेवक? नुसता परिपूर्ण माणूस धम्माच्या प्रसाराला उपयोगी नाही, सेवक असेल तर त्याच्यावर आशा ठेवता येते, असं त्यांनी लिहिलं. आपला घास घेणाऱ्याला हा प्रश्न नम्रपणे विचारणं यात अनादर नाही.

प्रश्न : मासिक पाळी चालू असताना भोजनदानाचा स्वयंपाक करता येतो का? नंबर नेमका त्याच दिवसांत आलाय. सासूबाई म्हणतात, जाऊबाईंना करू दे, तू बाहेर बस. (देवळाली)

उत्तर : करता येतो, आणि स्वतःच्या हाताने वाढताही येतो. विनयात या गोष्टीला कुठेही आडकाठी नाही. बाहेर बसणं हे आपण जे मागे सोडलं त्यातलं आहे.

संघाच्या जेवणाची सगळ्यात शहाणी व्यवस्था एका बाईनेच लावली. श्रावस्तीच्या विशाखेने बुद्धांकडे आठ वर मागितले. नव्याने आलेल्या भिक्खूला जेवण, कारण त्याला गावातल्या वाटा माहीत नसतात. प्रवासाला निघालेल्याला जेवण, कारण भिक्षा मागत बसला तर त्याची सोबत चुकेल. आजाऱ्याला जेवण. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला जेवण, कारण तो स्वतःसाठी भिक्षेला गेला तर आजाऱ्याला वाढायला वेळेवर परतणार नाही. शिवाय आजाऱ्याला औषध, रोज सकाळी पेज, पावसाळ्यात वस्त्र, भिक्खुणींना अंघोळीचं वस्त्र. घर चालवणाऱ्या बाईच्या डोक्यातूनच हे निघू शकतं. सासूबाईंना हे वाचून दाखवा, रागाने नको.

प्रश्न : भन्तेंना मटण किंवा मासे दिले तर चालतात का? आमच्याकडे रविवारी असतंच. (धुळे)

उत्तर : थेट सांगते. भिक्खूसाठी मुद्दाम प्राणी मारलेला असेल, आणि ते त्याने पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा त्याला तशी शंका असेल, तर ते मांस तो घेऊ शकत नाही. जीवक सुत्तात हे आहे. ही तिन्ही नसतील तर मनाई नाही. संघातल्याच देवदत्त नावाच्या भिक्खूने मासे-मांस पूर्ण बंद करा अशी मागणी केली होती, ती बुद्धांनी मान्य केली नाही. म्हणून रविवारी तुमच्या घरी शिजलंच असेल तर गोष्ट वेगळी, पण "भन्ते येणार" म्हणून कोंबडा कापलात तर ते दान उरत नाही. आपल्याकडचे पुष्कळ भन्ते शाकाहारी आहेत, तेव्हा आधी विचारा. माझ्याकडे त्या दिवशी मटकीची उसळ असते.

प्रश्न : आमच्या वस्तीत बुद्धमूर्तीच्या कार्यक्रमाला भन्तेजी आले. भाषणं लांबली, जेवणाला सव्वा वाजला. त्यांनी जेवायला नकार दिला. दोनशे माणसांत आमचा अपमान झाला. थोडं जुळवून घेता येत नव्हतं का? एवढा ताठरपणा धम्मात बसतो का? (जालना)

उत्तर : तुमचा राग समजते, कारण तुमच्या जागी मी उभी राहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका विहारातल्या कार्यक्रमाच्या समितीत मी होते. नऊ भन्ते होते. आम्ही सहा बायका पहाटे चारपासून चुलीपाशी. साडेदहाला सगळं तयार झालं. पण पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी आले नव्हते, आणि त्यांच्या हस्ते पहिलं वाढायचं असं फलकावर छापून झालं होतं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी आत जाऊन म्हणायला हवं होतं की आता वाढूया. मी म्हटलं नाही. बारा वाजून गेल्यावर वडीलधाऱ्या भन्तेंनी घड्याळ पाहिलं आणि पात्रावर झाकण ठेवलं. पुढारी एक वाजता आले. भन्तेंनी त्यांना हसून आशीर्वाद दिला, पाऊण तास धम्मदेसना केली, आणि नऊच्या नऊ जण नुसतं पाणी पिऊन परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना काही खाता येणार नव्हतं. आदल्या दिवशी अकरापासून ते उपाशी होते. अपमान त्या दिवशी आम्ही केला होता, त्यांनी नाही. ते अन्न वस्तीतल्या मुलांना वाढलं, त्याचं समाधान आहे, पण मला ती नऊ झाकलेली पात्रं अजून दिसतात.

मध्यान्हानंतर जेवायचं नाही हा प्रत्येक भिक्खूचा रोजचा नियम. खरं तर सूर्य माथ्यावर येणं हे माप आहे, आणि आपल्या भागात घड्याळाच्या बारानंतर बऱ्याच मिनिटांनी तो माथ्यावर येतो. पण शंकेला जागा नको म्हणून बहुतेक भन्ते घड्याळाचे बाराच धरतात. दुपारनंतर पाणी, गाळलेल्या फळाचा रस चालतो. औषध म्हणून तूप, लोणी, तेल, मध, गूळ चालतो. पोळी-भात नाही.

यामागे काय आहे तेही ऐका. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात उदायी नावाचे भिक्खू जुनी आठवण सांगतात. पूर्वी भिक्खू रात्रीही भिक्षेला जात. अंधारात कुणी गटारात पडे, कुणी काट्यांत, कुणी झोपलेल्या गाईवर. एकदा अंधाऱ्या रात्री ते स्वतः एका दारात उभे राहिले. एक बाई भांडं घासत होती. वीज चमकली, तिला ते दिसले आणि ती पिशाच समजून किंचाळली. "मी भिक्खू आहे, भिक्षेसाठी उभा आहे," म्हटल्यावर ती त्यांना काय काय बोलली ते मुळातच वाचावं. पोटासाठी अंधारात असं फिरण्यापेक्षा खाटकाच्या सुऱ्याने पोट फाडून घे, इथवर तिने सुनावलं. म्हणजे या नियमात त्या बाईची भीती आहे, दिवसभर राबून रात्री भांडी घासत बसलेल्या गृहिणीची काळजी आहे. तो वाकवला तर देणाऱ्याचंच रक्षण जातं.

पुढच्या वेळी पत्रिकेवर आधी भोजनदान छापा, भाषणं मागून. अकराला जे हजर असतील त्यांनी वाढायचं. कुणाचीही वाट पाहायची नाही.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, एकटा राहतो, स्वयंपाक येत नाही. भन्तेंच्या मोबाइलवर थेट पैसे पाठवले तर ते भोजनदान होईल का? दुसरं, बँकॉकला गेलो होतो तेव्हा पहाटे भिक्खू अनवाणी रांगेने भिक्षेला येताना पाहिले. आपल्याकडे असं का नाही? (पुणे)

उत्तर : आधी दुसरं. थायलंडमध्ये गावागणिक विहार आहे आणि विहाराला लागून घरं आहेत. आपल्याकडे 1956 नंतर भिक्खू मोजके, वस्त्या लांब लांब, आणि मधल्या आळीत भिक्खूच्या पात्राकडे लोक कशा नजरेने पाहतील याची खात्री नाही. म्हणून लोकांनीच भन्तेंना विहारात किंवा घरी बोलावून वाढायची रीत पडली. वर्षावासात पात्र घेऊन वस्तीत फिरणारे भन्ते आपल्याकडेही आहेत. तुमच्या भागात कुणी निघत असतील तर सकाळी दारात थांबा. माझ्या मते ही रीत वाढायला हवी, कारण आमंत्रणाच्या यादीत नाव नसलेल्या म्हातारीलाही मग घास देता येतो.

पैशाचं म्हणाल तर, सोनं-रुपं, नाणं स्वीकारायचं नाही हा भिक्खूचा नियम आहे. भन्तेंच्या खात्यावर पैसे टाकून त्यांना अडचणीत आणू नका. विहार समितीला द्या, आणि कशासाठी ते सांगून द्या : अमुक दिवसाचा तांदूळ, डाळ, गॅसची टाकी.

यात कमीपणा काही नाही. सुट्टीला नाशिकला आलात तर त्रिरश्मी लेणी, म्हणजे लोक पांडवलेणी म्हणतात ती, चढून जा आणि दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात उभे राहा. क्षहरात घराण्यातला राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख तिथे भिंतीवर आहेत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. त्याने 4000 कार्षापणांना, म्हणजे त्या काळच्या नाण्यांना, एक शेत विकत घेतलं आणि लिहून ठेवलं की, या लेण्यात राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्खुसंघाला यातून 'मुखाहार' मिळेल. शब्द कसा आहे पाहा, मुखाहार! दुसऱ्या लेखात 2000 कार्षापणं त्याने गोवर्धनाच्या विणकरांच्या श्रेणीत, म्हणजे त्यांच्या संघटनेत, ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. मी मुलांना हे गणितासारखं घालायचे. वर्षाला शेकडा 12 म्हणजे 2000 वर 240, आणि 20 गुणिले 12 म्हणजेही 240. हिशोब चोख बसतो. विणकरांचे माग आणि संघाचं चीवर एका धाग्याने बांधून तो माणूस गेला.

तेव्हा पैसे जरूर द्या. पण वर्षातून एक दिवस रजा काढा आणि निदान कुकरचा भात लावायला शिका. चार शिट्ट्या, त्याहून जास्त काही नाही. स्वतः वाढलेल्या त्या भाताचं समाधान तुम्हाला खात्यातून पैसे गेल्याच्या मेसेजने मिळणार नाही, हे मी मनापासून सांगते.

प्रश्न : मी चौथीत आहे. आमच्या घरी भन्तेजी जेवायला आले होते. ते जेवताना बोलत नव्हते आणि आवाजपण करत नव्हते. का? मला पण त्यांना काहीतरी द्यायचं होतं, पण बाबा म्हणाले, तू लहान आहेस, सांडशील. (येवला)

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण ते मी पुन्हा पुन्हा वाचत होते.

भिक्खूंनी कसं जेवायचं याचे खूप नियम आहेत. तोंडात घास असताना बोलायचं नाही. गाल फुगवून खायचं नाही. हात चाटायचा नाही. आणि दोन नियम तुला फार आवडतील. पालीत लिहिलंय की 'चपुचपु' आवाज करत जेवायचं नाही आणि 'सुरुसुरु' आवाज करत प्यायचं नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची मुलंसुद्धा तुझ्यासारखीच कढी सुरुसुरु पीत असणार! आईला हे दोन शब्द मोठ्याने म्हणून दाखव.

आता बाबांना ही गोष्ट वाचायला दे. एकदा बुद्ध भिक्षेला निघाले होते. रस्त्यात दोन लहान मुलं मातीत घर-घर खेळत होती. त्यांतल्या एकाला, त्याचं नाव जय, बुद्धांना काहीतरी द्यावंसं वाटलं. त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मग त्याने ओंजळभर माती घेतली, हे सातूचं पीठ आहे असं मनात धरलं आणि बुद्धांच्या पात्रात टाकली. जुन्या गोष्टीत म्हणतात की, तोच मुलगा पुढच्या जन्मी सम्राट अशोक झाला. गांधार देशातल्या शिल्पकारांनी हा प्रसंग दगडात कोरलाय. त्यात मुलगा हात वर करतो आहे, आणि बुद्धांनी त्याचा हात पोचावा म्हणून पात्र खाली आणलं आहे.

पुढच्या वेळी भन्तेजी आले की तू केळं दे. केळं सांडत नाही.